पीसी मधेच बंद पडतो: वायरीपासून एसएमपीएसपर्यंत तपासायचा क्रम

ओळखीत कुणाचाही पीसी मधेच बंद पडायला लागला की फोन मला येतो आणि फोनवर निदानही तयारच असतं: "एसएमपीएस गेलाय बहुतेक." काही वेळा तर नवा एसएमपीएस (कॅबिनेटमधल्या सगळ्या भागांना वीज पुरवणारा डबा) आणून बसवलेलाही असतो, पीसी तरी बंद पडतोच, आणि मग संशय मदरबोर्डवर, म्हणजे सगळे भाग जिला जोडलेले असतात त्या मुख्य पाटीवर गेलेला असतो. भाग खराब निघत नाहीत असं नाही. पण भिंतीवरच्या सॉकेटपासून सुरुवात केली तर पुष्कळदा कॅबिनेटचं झाकण उघडायचीही वेळ येत नाही. म्हणून खालचा क्रम फुकटच्या तपासणीकडून खर्चिक तपासणीकडे जातो. मधली पायरी गाळू नका. "हे तर ठीकच असणार" म्हणून मी जेव्हा जेव्हा एखादी गाळली, तेव्हा फिरून तिथेच यावं लागलं.

डोळ्यांसमोर विंडोजवर चालणारा डेस्कटॉप ठेवून लिहितेय. लॅपटॉपचं थोडं वेगळं असतं, ते शेवटाकडे आहे.

आधी लक्षणं

"बंद पडतो" या दोन शब्दांत चार-पाच वेगवेगळ्या तक्रारी लपलेल्या असतात. तुमची कोणती ते ठरवा:

- खटकन सगळं काळं. पंखे थांबले, कॅबिनेटवरचा दिवा गेला, कुणीतरी प्लग उपटावा तसं. वीज, उष्णता, शॉर्ट किंवा पॉवर बटण यांपैकी काहीतरी आहे. हा लेख मुख्यतः याच प्रकारासाठी.
- क्षणभर काळं होऊन पीसी आपोआप पुन्हा सुरू होतो. बऱ्याचदा ही ब्लू स्क्रीन असते, म्हणजे विंडोज कोसळल्यावर येणारी निळी स्क्रीन. तुम्ही वाचायच्या आत विंडोज रीस्टार्ट करून मोकळं होतं. संशय रॅम, ड्रायव्हर किंवा प्रोसेसरवर. वीज निमिषभर गेली तरीही काही पीसी असंच करतात.
- स्क्रीन काळी, पण पंखे फिरतायत. पीसी बंद पडलेलाच नाही. कीबोर्डवरचं कॅप्स लॉक दाबा. दिवा लागत-विझत असेल तर आत सगळं जिवंत आहे. मॉनिटर, त्याची केबल आणि ग्राफिक्स कार्ड यांच्याकडे बघा.
- 'शटिंग डाउन' असं दाखवून रीतसर बंद होतो. हार्डवेअरला हात लावू नका. अपडेट असेल, कुणीतरी ठरवून ठेवलेलं टास्क असेल, किंवा पॉवर बटण हलकेच दाबलं जात असेल.
- बंद पडल्यावर कॅबिनेटवरचा दिवा लुकलुकतोय. तो झोपलाय. पॉवर सेटिंगमध्ये स्लीपची वेळ बघा, काम झालं.

यानंतरचा प्रश्न: कधी? बटण दाबल्यावर चार-पाच सेकंदांत? दहा-वीस मिनिटं चालून? गेम किंवा व्हिडिओचं काम सुरू केल्यावरच? का काहीच न करता, नुसता बसलेला असताना? टेबलाला धक्का लागला की? घरात मोटर, इस्त्री, गीझर असं काही जड सुरू झालं की? प्रत्येक उत्तर वेगळ्या दिशेला बोट दाखवतं.

आणि तिसरा प्रश्न, जो फारसं कुणी विचारत नाही: बंद पडल्यावर परत कसा सुरू होतो? लगेच झाला तर वीज तुटली असावी किंवा कॉन्टॅक्ट लूज असावा. पाच-दहा मिनिटं थांबल्याशिवाय चालतच नसेल, किंवा लगेच सुरू होऊन पुन्हा पटकन पडत असेल, तर उष्णता. भिंतीवरचं बटण बंद करून, थोडं थांबून, मग चालू केल्यावरच उठत असेल तर एसएमपीएसनं स्वतःला कुलूप घालून घेतलंय. ओव्हरलोड किंवा शॉर्ट जाणवला की त्याचं संरक्षण सर्किट पुरवठा तोडतं, आणि बरेच एसएमपीएस मुख्य वीज काढल्याशिवाय ते कुलूप सोडत नाहीत.

हे लक्षात राहत नाही. पीसीशेजारी एक कागद ठेवा. तारीख, वेळ, तेव्हा काय चालू होतं, परत कसा सुरू झाला, एवढंच लिहायचं. चार-पाच नोंदी झाल्या की अर्धं काम होतं.

एक काम मात्र आजच करा: महत्त्वाच्या फायलींची प्रत बाहेरच्या डिस्कवर काढून ठेवा. वारंवार अशी वीज तुटली की फाइल सिस्टिम खराब होऊ शकते. दोष सापडेलही, पण तोवर फोटो जायला नकोत.

विंडोजला विचारा

झाकण उघडण्याआधी हे फुकट आहे. स्टार्टमध्ये 'इव्हेंट व्ह्यूअर' शोधून उघडा, विंडोज लॉग्जमधलं 'सिस्टिम' निवडा आणि बंद पडल्याच्या वेळेच्या आसपास बघा.

'कर्नल-पॉवर ४१' ही लाल नोंद बघून लोक घाबरतात. तिचा अर्थ फक्त इतकाच की गेल्या वेळी विंडोज नीट बंद न होता परत सुरू झालं. हे कारण नव्हे, हा पंचनामा आहे. पण तिच्या 'डिटेल्स'मध्ये दोन कामाच्या ओळी असतात. एक 'बगचेककोड'. तिथे शून्य असेल तर ब्लू स्क्रीनची नोंद झाली नाही, म्हणजे विंडोजला काही कळायच्या आतच वीज गेली असण्याची शक्यता मोठी. शून्य सोडून काही असेल तर ब्लू स्क्रीन आली होती. आकडा दशमान पद्धतीत असतो, म्हणून २९२ दिसलं तर शोधताना त्याचं हेक्साडेसिमल (सोळावर आधारलेलं) रूप १२४ घ्यायचं. ती हार्डवेअरच्या बिघाडाची खूण. दुसरी ओळ 'पॉवरबटनटाइमस्टॅम्प'. तिथे शून्य नसेल तर पॉवर बटण दाबून धरलं गेलं होतं. तुम्ही नव्हतं धरलं? मग कुणी धरलं, ते पुढे येतंय.

'६००८' ही नोंद मागचं बंद होणं अनपेक्षित होतं असं सांगते. तिच्या मजकुरातली वेळ बंद पडल्याची असते, नोंदीची स्वतःची वेळ पुन्हा सुरू झाल्याची. कागदावरच्या वेळा यावरून पडताळता येतात. '१०७४' दिसली तर कुठल्या तरी प्रोग्रॅमनं किंवा माणसानं रीतसर बंद करायला सांगितलंय. त्याचं नाव तिथेच लिहिलेलं असतं. आणि 'कर्नल-पॉवर ८६' सापडली तर थेट उष्णतेच्या भागाकडे जा.

याच बैठकीत आपोआप होणारा रीस्टार्टही बंद करून टाका: सिस्टिम प्रॉपर्टीज, अॅडव्हान्स्ड, 'स्टार्टअप अँड रिकव्हरी'तली सेटिंग्ज, 'ऑटोमॅटिकली रीस्टार्ट'वरची खूण काढा. आता ब्लू स्क्रीन येत असेल तर ती थांबून राहील आणि मोबाइलवर तिचा फोटो काढता येईल.

व्हायरसचं म्हणाल तर अँटीव्हायरस एकदा फिरवून घ्या आणि विषय सोडा. खटकन बंद पडणाऱ्या पीसीत मला अजून तरी व्हायरस हे कारण सापडलेलं नाही.

भिंत, वायर, एक्स्टेंशन बोर्ड

माझ्या आत्याकडचा पीसी "मूडप्रमाणे" बंद पडायचा. कधी दिवसभर चालायचा, कधी तासात तीनदा जायचा. मी टेबलाशी बसले, पाय लांब केला आणि स्क्रीन गेली. एसएमपीएसच्या मागे लागणारी जाड काळी पॉवर केबल अर्धीच आत होती. पाय लागला की तिचं तोंड केसभर खाली झुकायचं आणि कॉन्टॅक्ट सुटायचा. मूड केबलचा होता.

म्हणून पहिल्यांदा पीसी बंद करा, केबल दोन्ही टोकांनी काढा आणि निरखून बघा. एसएमपीएसच्या बाजूच्या टोकावर तपकिरी डाग, वितळलेलं प्लॅस्टिक किंवा सैल झालेली भोकं दिसली तर केबल फेकून द्या. ही केबल बहुतेक मॉनिटरलाही तशीच असते, त्यामुळे तपासण्यापुरती अदलाबदल करता येते. मग एक्स्टेंशन बोर्ड. प्लग घातल्यावर डुगडुगतोय का? तासभर चालवून प्लगला हात लावल्यावर गरम लागतो का? गरम लागला म्हणजे कॉन्टॅक्ट नीट बसत नाही, आणि तिथे ठिणग्याही उडत असू शकतात. बोर्ड बदला. सॉकेटच काळवंडलं असेल तर ते तुमचं काम नाही, वायरमनला बोलवा.

आता दोन दिवस पीसी एक्स्टेंशन बोर्ड, स्टॅबिलायझर, यूपीएस सगळं टाळून सरळ भिंतीच्या सॉकेटमध्ये लावा. शक्य असेल तर दुसऱ्या खोलीतल्या. बंद पडणं थांबलं तर दोष कॅबिनेटच्या बाहेर आहे आणि तुमचे बरेच पैसे वाचले.

यूपीएस: वाचवणाराच पाडतो तेव्हा

लोकांना हे पटत नाही, कारण यूपीएस लावलेलाच मुळी वीज जाऊ नये म्हणून. पण त्यातली शिसं-आम्लाची बॅटरी साधारण तीन ते पाच वर्षांत थकते. थकलेल्या बॅटरीचा यूपीएस रोजच्या वापरात अगदी धडधाकट दिसतो. वीज असते तेव्हा तो तीच पुढे पाठवत असतो. व्होल्टेज जरा खाली आलं की तो बॅटरीवर जायला बघतो, बॅटरीत दम नसतो, आणि पीसी पडतो. घरातला दिवा नुसता मिणमिणतो आणि पीसी मात्र बंद होतो, ही त्याची खास खूण. काही यूपीएस ठरावीक काळानं आपणहून बॅटरीची चाचणी घेतात. बॅटरी मेलेली असली की त्याच क्षणी पीसी जातो. "दर काही दिवसांनी, बरोबर त्याच वेळेला पडतो" अशी तक्रार आली की मी आधी हेच बघते.

चाचणी सोपी आहे. सगळं काम सेव्ह करा, प्रोग्रॅम बंद करा, पीसी नुसता डेस्कटॉपवर ठेवा आणि भिंतीवरचं यूपीएसचं बटण बंद करा. चांगला यूपीएस शीळ घालत काही मिनिटं तरी तग धरतो. लगेच किंवा अर्ध्या मिनिटात गेला तर बॅटरी बदला. बऱ्याच मॉडेलांत अख्खा यूपीएस बदलायची गरज नसते.

दुसरी भानगड क्षमतेची. यूपीएसवर मोठ्या अक्षरांत व्हीए (व्होल्ट-अँपिअर) लिहिलेलं असतं, वॅट नाही. ६०० व्हीएचा यूपीएस बहुधा ३६० वॅटच देतो. नंतर मोठं ग्राफिक्स कार्ड बसवलं असेल तर गेम चालू असताना वीज गेली की हा यूपीएस ओव्हरलोड होऊन हात वर करणारच. लेझर प्रिंटर यूपीएसच्या बॅटरीवाल्या सॉकेटवर लावलेला असेल तर तो आत्ताच काढा. कागद भाजायला तो अचानक प्रचंड करंट ओढतो.

पॉवर बटण

पीसी सुरू केल्यावर प्रत्येक वेळी चार-पाच सेकंदांतच बंद होतो? बटण अडकलंय का बघा. पॉवर बटण चार सेकंद दाबून धरलं की पीसी जबरदस्तीनं बंद होतो, ही सोय मुद्दाम दिलेली आहे. बटण आत जाऊन बाहेर आलंच नाही तर मदरबोर्डला वाटतं तुम्ही ते दाबून धरलंय. बोटानं दाबून बघा: टिक असा आवाज येऊन ते उसळून वर येतं का, की चिकट, मऊ, अर्धवट बुडालेलं राहतं? मघाशी इव्हेंट व्ह्यूअरमध्ये बटणाची ओळ शून्य नव्हती, ती याच बटणाची करामत.

पक्कं करायचं असेल तर प्लग काढून कॅबिनेट उघडा. बटणापासून आलेली पातळ दोन तारांची जोडी मदरबोर्डच्या कोपऱ्यातल्या पिनांवर 'पॉवर एसडब्ल्यू' असं लिहून खोचलेली असते. पीसी सुरू केल्या केल्या ती जोडी वर खेचून काढा. आता तो चालत राहिला तर गुन्हेगार बटण. तात्पुरतं रीसेट बटणाची जोडी त्या पिनांवर लावा; रीसेट बटण पॉवर बटणाचं काम करतं आणि काही खर्च येत नाही. माझ्या स्वतःच्या जुन्या पीसीनं शेवटची दोन वर्षं अशीच काढली.

धूळ आणि उष्णता

दहा-वीस मिनिटांनी पडणारे, उन्हाळ्यात जास्त पडणारे, टेबलाच्या बंद कप्प्यात कोंबलेले पीसी इथे येतात.

एक गोष्ट समजून घ्या. आजचा प्रोसेसर तापला की लगेच बंद होत नाही. आधी तो स्वतःचा वेग कमी करतो. बऱ्याच इंटेल प्रोसेसरांमध्ये ही मर्यादा १०० अंश सेल्सिअसच्या आसपास असते, एएमडीच्या रायझन ७००० मालिकेत ९५. तरीही ताप चढतच राहिला तर शेवटचा उपाय म्हणून वीज तोडली जाते. म्हणजे उष्णतेनं पडणारा पीसी पडण्याआधी बहुधा कुरकुरतो: पंखे किंचाळतात, माउस अडखळतो, गेम संथ होतो. यातलं काहीच न होता थंडगार पीसी खटकन गेला तर उष्णतेवरचा संशय कमी करा.

'एचडब्ल्यूइन्फो'सारखा फुकट प्रोग्रॅम तापमान दाखवतो आणि फाइलमध्ये नोंदवतोही. नोंद चालू करून पीसी नेहमीसारखा वापरा, पडल्यावर फाइलमधल्या शेवटच्या ओळी बघा. नुसता बसलेला असताना ३५ ते ५० आणि कामाच्या ताणात ७० ते ८५ हे साधारण ठीक. बसल्या बसल्या ८० दिसलं तर पुढचा परिच्छेद वाचायच्या आधीच पीसी बंद करा.

सफाईसाठी: प्लग काढा, पॉवर बटण एकदा दाबून उरलेला चार्ज जाऊ द्या, झाकण उघडा, बाहेर गॅलरीत न्या. कॉम्प्रेस्ड हवेचा डबा उभाच धरा. आडवा केला तर आतला द्रव भागांवर उडतो. पंख्यावर हवा मारताना त्याचं पातं बोटानं धरून ठेवा, नाहीतर तो नको तितक्या वेगानं फिरून बेअरिंग जातं. घरातला व्हॅक्युम क्लीनर थेट मदरबोर्डवर फिरवू नका, स्थिर वीज साठते. नजर ठेवायच्या जागा दोन: प्रोसेसरच्या हीटसिंकच्या (त्याची उष्णता ओढून घेणाऱ्या धातूच्या ठोकळ्याच्या) पट्ट्यांमधली फट, जिथे धुळीची अक्षरशः गोधडी तयार झालेली असते, आणि एसएमपीएसची खालची किंवा मागची जाळी. एसएमपीएसवर हवा बाहेरूनच मारायची.

मग हीटसिंक हलक्या हातानं हलवून बघा. तो मुळीच हलायला नको. इंटेलच्या प्रोसेसरसोबत डब्यात मिळणाऱ्या जुन्या कूलरला चार कोपऱ्यांत प्लॅस्टिकच्या चार दट्ट्या पिना असतात. पीसी एका जागेवरून दुसरीकडे नेताना एखादी पिन सुटते, कूलर एका बाजूनं कागदाच्या जाडीइतका उचलला जातो, आणि तेवढं पुरतं. तापमान काही सेकंदांत शंभरावर जातं. एकदा फक्त समोरासमोरच्या पिना जोडीनं दाबून, चारही टिक आवाज ऐकून काम झालं होतं. त्या पीसीसाठी नवा मदरबोर्ड मागवून झाला होता.

प्रोसेसर आणि हीटसिंक यांच्यामधली थर्मल पेस्ट वाळून माती झाली असेल तर आयसोप्रोपिल अल्कोहोलनं दोन्ही पृष्ठभाग पुसा आणि प्रोसेसरच्या मधोमध वाटाण्याएवढा थेंब लावा. जास्त लावल्यानं जास्त थंड होत नाही.

झाकण उघडंच आहे तर

मदरबोर्डवरची चोवीस पिनांची मोठी केबल आणि प्रोसेसरजवळची चार किंवा आठ पिनांची केबल काढून परत दाबून बसवा. खाच अडकल्याचा आवाज यायला हवा. ग्राफिक्स कार्डाला दोन आठ-पिनी सॉकेट असतील आणि दोन्ही एकाच केबलच्या शेपट्यांतून भरले असतील तर शक्य तिथे एसएमपीएसपासून दोन वेगळ्या केबल आणा. प्रत्येक आठ-पिनी सॉकेट १५० वॅटपर्यंत मागू शकतं आणि सगळा भार एका केबलवर पडला की तिची टोकं तापतात.

समोरच्या यूएसबी सॉकेटांत टॉर्च मारून बघा. आतली जीभ वाकून पिना एकमेकींना टेकल्या असतील तर शॉर्ट होतो. काही मदरबोर्ड अशा वेळी 'यूएसबीत जास्त करंट जातोय, १५ सेकंदांत बंद होतोय' असा स्पष्ट इशारा देतात. असा इशारा आला तर आधी सगळी यूएसबी उपकरणं काढा, मग समोरच्या सॉकेटांची मदरबोर्डवरची केबल काढा.

मदरबोर्डवरच्या गोल सीआर२०३२ बटण-सेलला पुष्कळ लोक दोष देतात. तो गेला की घड्याळ मागे पडतं आणि बायोसच्या (विंडोजच्या आधी चालणाऱ्या मदरबोर्डच्या प्रोग्रॅमच्या) सेटिंग्ज विसरल्या जातात. चालता पीसी तो सहसा बंद पाडत नाही. स्वस्त आहे, बदलायचा तर बदला, पण त्यानं दोष जाईल अशी आशा धरू नका.

बायोसमध्ये कुणी ओव्हरक्लॉकिंग (भाग ठरलेल्या वेगापेक्षा जोरात चालवणं) किंवा रॅमचा वेग वाढवणारं एक्सएमपी चालू केलं असेल तर मूळ सेटिंग्जवर परत या आणि काही दिवस बघा.

रॅम

रॅम खराब असली की सहसा ब्लू स्क्रीन, हँग किंवा रीस्टार्ट होतो. खटकन अंधार क्वचित. तुमचं लक्षण दुसऱ्या प्रकारातलं असेल तरच इथे वेळ घालवा. पट्ट्या काढून परत बसवा, मग एका वेळी एकच पट्टी ठेवून पीसी चालवा. पेन ड्राइव्हवरून 'मेमटेस्ट८६' रात्रभर चालू ठेवा. एकसुद्धा चूक दाखवली तर ती पट्टी किंवा तिचा स्लॉट खराब समजा. दोन-तीन चुका चालतात असं नसतं.

फक्त गेममध्येच पडतो?

ग्राफिक्स कार्डाची भूक सरासरीत कळत नाही. ते काही मायक्रोसेकंदांसाठी आपल्या नेहमीच्या मागणीच्या कितीतरी वर उडी मारतं, आणि जुना किंवा हलका एसएमपीएस ती उडी ओव्हरलोड समजून पुरवठा तोडतो. म्हणूनच २०२२ साली आलेल्या एटीएक्स ३.० मानकात एसएमपीएसनं आपल्या क्षमतेच्या २०० टक्क्यांपर्यंतची उडी १०० मायक्रोसेकंद सोसली पाहिजे अशी अट घातली गेली. एसएमपीएस "६०० वॅटचा आहे, पुरेल" हे गणित म्हणून फसतं.

खर्च न करता याची खात्री करता येते. ग्राफिक्स कार्डाच्या सॉफ्टवेअरमध्ये पॉवर लिमिट सत्तर टक्क्यांवर आणा, गेममधले फ्रेम सेकंदाला ६० वर बांधून टाका, आणि तोच गेम तितकाच वेळ खेळा. पडणं थांबलं तर कार्डाची भूक आणि एसएमपीएसची ताकद यांचा मेळ नाही, हे जवळजवळ नक्की. उलटीकडून, 'सिनेबेंच' चालवून फक्त प्रोसेसरला ताण द्या. त्यात पडला आणि तापमान ठीक असेल तर प्रोसेसरची पॉवर केबल, एसएमपीएस, मग मदरबोर्ड.

आता एसएमपीएस

इथवर आलात आणि दोष सापडला नाही, तर त्या पहिल्या फोनवरच्या निदानाला मान द्यायची वेळ झाली.

मल्टिमीटर वापरता येत असेल तर मोकळ्या मोलेक्स टोकावर (एसएमपीएसच्या केबलचं चार जाड पिनांचं टोक), पीसी चालू असताना, पिवळी तार आणि काळी यांच्यात १२ व्होल्ट आणि लाल-काळीत ५ व्होल्ट मोजा. पाच टक्के इकडेतिकडे चालतं, म्हणजे ११.४ ते १२.६ आणि ४.७५ ते ५.२५. पीसी बसलेला असताना आणि ताणात, दोन्ही वेळा मोजा. आकडे या मर्यादेबाहेर गेले तर एसएमपीएस दोषी. पण आकडे छान आले म्हणून तो निर्दोष सुटत नाही. मल्टिमीटर संथ असतो. सेकंदाच्या हजाराव्या भागात बसलेला झोल त्याला दिसतच नाही. मदरबोर्डची केबल काढून, तिच्यातली हिरवी तार काळीला जोडून पंखा फिरवून दाखवायची जुनी युक्ती तर आणखी निरुपयोगी, कारण तेव्हा त्याच्यावर भारच नसतो.

खरी परीक्षा एकच: चांगला चालणारा, पुरेशा वॅटचा दुसरा एसएमपीएस उसना आणून दोन दिवस लावणं. आणताना त्याच्या स्वतःच्या सगळ्या केबल आणा. केबल सुट्या होणाऱ्या एसएमपीएसमध्ये एका कंपनीची केबल दुसऱ्याच्या सॉकेटात व्यवस्थित बसते, पण आतला पिनांचा क्रम वेगळा असू शकतो. पाच व्होल्टच्या जागी बारा गेले की हार्ड डिस्क जळते. बाहेरून काही कळत नाही, म्हणून ही चूक भल्याभल्यांकडून होते.

एसएमपीएसचं झाकण उघडू नका. आतल्या मोठ्या कपॅसिटरवर तीनशे व्होल्टच्या वर चार्ज असू शकतो आणि प्लग काढल्यावरही तो काही काळ टिकतो. इथे कुतूहल आवरा.

लॅपटॉप असेल तर

बॅटरी ३० टक्के दाखवता दाखवता लॅपटॉप जातो, ही थकलेल्या बॅटरीची खूण. चार्जर लावून चालतो आणि पिन हलली की जातो, तर चार्जरची पिन किंवा सॉकेट. बॅटरी सहज निघत असेल तर ती काढून नुसत्या चार्जरवर चालवून बघा. गादीवर ठेवून वापरायची सवय असेल तर खालच्या जाळ्या झाकल्या जातात. चार दिवस टेबलावर ठेवून फरक पडतो का बघा. टचपॅड वर आलंय किंवा खालचं झाकण फुगलंय असं दिसलं तर बॅटरी फुगली आहे. चार्जर काढा, बंद करा, दाबू-टोचू नका आणि सर्व्हिस सेंटरला द्या.

इथे थांबा आणि माणूस बोलवा

जळका वास आला, धूर दिसला, कॅबिनेटला हात लावल्यावर मुंग्या किंवा शॉक जाणवला, पीसी सुरू केल्यावर घरातला ब्रेकर पडला, किंवा आत पाणी सांडलं असेल, तर वरची एकही पायरी करायची नाही. आधी मुख्य स्विच बंद, मग प्लग. शॉक किंवा ब्रेकरसाठी पहिल्यांदा इलेक्ट्रिशियन. अर्थिंग नसेल तर पीसी दुरुस्त करून उपयोग नाही.

एसएमपीएस बदलून, रॅम तपासून, तापमान ठीक असूनही पडत असेल तर उरतात मदरबोर्ड आणि क्वचित प्रोसेसर. मदरबोर्डवर प्रोसेसरच्या आसपास फुगलेले किंवा डोक्यावर तपकिरी चीक आलेले कपॅसिटर दिसले तर निदान झालंच, पण ते बदलणं सोल्डरिंगचं काम आहे आणि घरच्या सोल्डरनं अनेक थरांच्या बोर्डावर करायचं काम नव्हे. वॉरंटी शिल्लक असेल तर त्यावरचा कुठलाही स्टिकर फाडू नका.

तंत्रज्ञाकडे नेताना तो नोंदींचा कागद सोबत द्या आणि तुम्ही काय काय बदलून पाहिलं ते सांगा. "बंद पडतो" एवढंच सांगितलं तर तो दुकानात दोन तास चालवून बघेल, पीसी मुकाट चालेल आणि तसाच परत येईल. कुठल्या गेमनंतर किती मिनिटांनी पडतो हे लिहून दिलंत तर त्याला तो तिथेच पाडून बघता येईल. आणि डिस्क सहज निघत असेल तर काढून घरी ठेवा. असा दोष शोधायला तो स्वतःच्या पेन ड्राइव्हवरून पीसी चालवू शकतो. तुमचे फोटो त्याला लागत नाहीत.